टोकावर स्क्रू राहत नाही? चुंबकाला दोष द्यायच्या आधी

गिऱ्हाईक पंखा, मिक्सर, लॅपटॉप घेऊन दुकानात येतं, ते समजू शकतो. पण हल्ली आठ-दहा दिवसांआड कुणीतरी नुसता डिसमिस (स्क्रूड्रायव्हर) घेऊन येतो. "दादा, नवा होता तेव्हा स्क्रू मस्त धरायचा. आता टोकाला लावला की टपकन खाली. मॅग्नेट गेलं का याचं?" गेल्याच आठवड्यात एकाने तर त्याच तक्रारीवर लागोपाठ तिसरा डिसमिस आणलेला दाखवला. तिन्ही चांगले होते. त्याच्या घराच्या गच्चीवरच्या पत्र्याचे स्क्रू स्टेनलेसचे होते, एवढंच.

वीस वर्षं अलिबागला हेच काम करतोय, त्यावरून सांगतो. स्क्रू पडतो म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी खरंच चुंबक उतरलेले थोडेच. बाकीच्यांचा घोटाळा स्क्रूमध्ये नाहीतर टोकाच्या मापात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी स्क्रू, मग टोक, शेवटी चुंबक. लोक नेमकं उलट्या क्रमाने जातात आणि नवीन डिसमिस विकत घेतात.

स्क्रू कशाचा आहे?

फ्रिजच्या दारावरचा एखादा चुंबक काढा आणि पडणाऱ्या स्क्रूला लावून बघा. चिकटला नाही, तर तुमच्या डिसमिसचा काहीही दोष नाही. तो स्क्रू पितळेचा आहे, नाहीतर स्टेनलेसचा. घरातल्या स्विच-सॉकेटच्या मागे जिथे वायर आवळतो तिथले स्क्रू बहुधा पितळेचे असतात. त्यांना जगातला कुठलाही चुंबक धरणार नाही. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ जातीचं पोलाद मुळात चुंबकाला दाद देत नाही. गंमत म्हणजे ३०४ चा स्क्रू कधीकधी किंचित ओढला जातो, कारण डोकं ठोकून घडवताना त्या पोलादाची आतली रचना थोडी बदलते. त्यामुळे "अर्धवट धरतो, हलवला की पडतो" असं लक्षण दिसलं की स्टेनलेस असू शकतो.

आमच्या किनारपट्टीला हा प्रश्न जास्त, कारण साधा लोखंडी स्क्रू इथे दोन पावसाळ्यांत गंजून विटेच्या रंगाचा होतो. होड्या, गच्चीवरचे पत्रे, टाक्यांची झाकणं, हॉटेलांचे बाहेरचे दिवे, सगळीकडे लोक शहाणपणाने स्टेनलेस वापरतात आणि मग शिडीवर उभं राहून चुंबकाच्या नावाने बोटं मोडतात. पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून भाऊ कितीही महागाचा सेट घेऊन आला तरी तो स्टेनलेस उचलणार नाही.

टोक बसतंय का?

हा भाग लोकांना पटवायला सगळ्यात अवघड जातो. चुंबकाचं काम स्क्रूला टोकाशी धरून ठेवायचं. स्क्रूला सरळ ठेवायचं काम टोकाच्या आकाराचं. टोक खाचेत तळापर्यंत गेलं नाही तर मध्ये फट राहते, आणि चुंबकाची ओढ फटीबरोबर झपाट्याने मरते. कागदाच्या जाडीएवढी फटसुद्धा पुष्कळ झाली. खाचेत रंग, मिक्सरचं वाळलेलं पीठ, पंख्यावरचा तेलकट काजळ-धूळ मिसळलेला थर भरलेला असला की तेच. आधी टाचणीने किंवा जुन्या टूथब्रशने खाच कोरून काढा.

माप तपासायची माझी साधी पद्धत: स्क्रू टोकावर लावा, डिसमिस आडवा धरा आणि बोटाने स्क्रूच्या शेपटाला हलकेच हलवा. स्क्रू टोकासकट एकजीव हलला तर माप बरोबर. डोक्यापाशी डुलला तर टोक लहान आहे. स्विचबोर्डच्या प्लेटला, पंख्याला स्टारचं (अधिकच्या चिन्हासारखं टोक) २ नंबर लागतं. लॅपटॉपच्या तळाला बहुतेक वेळा ० किंवा १. घरोघरी एकच मधला डिसमिस सगळीकडे चालवतात. मग खाच गोल होते, आणि एकदा खाच गोल झाली की चुंबक काय करणार.

मोटरसायकलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. स्टार खाच म्हणजे फिलिप्स, असं आपण धरून चालतो. हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाला १९३६ साली तिचं पेटंट मिळालं. पण जपानी घडणीच्या गाड्यांमध्ये, विशेषतः जुन्या कार्ब्युरेटरवर, जो स्टार दिसतो तो जपानी मानकाचा, जेआयएस. दिसायला जुळा भाऊ, पण फिलिप्सचं टोक त्यात तळाला टेकत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. ठिपका दिसला तर जेआयएस टोक घ्या; ते टोक साध्या फिलिप्समध्येही नीट चालतं. माझ्या गाड्यांच्या कप्प्यात आता फक्त तेच आहे.

आता चुंबक

स्क्रू लोखंडी आहे, टोक नीट बसतंय, तरी पडतो? मग स्टेपलरच्या पिना टेबलावर सांडा आणि टोक बुडवा. चांगल्या भरलेल्या टोकाला चार-पाच पिना दाढीसारख्या लोंबतात. एखादीच आली, किंवा आलीच नाही, तर चुंबक उतरलाय.

तो उतरतो कशाने? तीन-चार ठरलेली कारणं आहेत. डिसमिसचा छिन्नीसारखा वापर, म्हणजे मागून हातोडी. दणक्यांनी आतल्या कणांची रांग मोडते. दुसरं, दुसऱ्या जोरदार चुंबकाचा उलटा स्पर्श. स्क्रू ठेवायची चुंबकवाली वाटी असते ना, तिच्यात डिसमिस महिनोनमहिने पडलेला असतो. आणि तिसरं उष्णता. टोक झिजलं म्हणून ग्राइंडरवर धरतात, टोक निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं. चुंबकत्व तर घटतंच, शिवाय टोकाचा कडकपणा जातो आणि पुढच्या वेळी ते वळतं. निळ्या टोकाला पुन्हा चुंबक भरत बसू नका, त्याला रंगाचे डबे उघडायला ठेवा.

बदलत्या बिटांच्या (एकाच मुठीत बदलून घालायच्या सुट्या टोकांच्या) सेटमध्ये भानगड निराळी असते, आणि ती पटकन लक्षात येत नाही. तिथे चुंबक बिटात नसतोच. मुठीच्या सहाकोनी भोकाच्या तळाशी वाटाण्याएवढी एक चकती डिंकाने चिकटवलेली असते, ओढ तिची असते आणि बिट ती नुसती पुढे वाहून नेतो. डिंक सुटला की एक दिवस बिट ओढून काढताना चकती बिटाच्या बुडाला चिकटून बाहेर येते, आणि तुम्ही तो बिट डब्यात टाकून देता. झालं, सेट "बिघडला". असं झालं असेल तर डब्यातले सगळे बिट उलटे करून बघा. एकाच्या बुडाला ती टिकली सापडेल. भोक पुसून कोरडं करा, थेंबभर फेविक्विक, चकती ढकला, रात्रभर तसंच ठेवा. डिंक ओला असताना बिट घालायचा मोह आवरा. माझ्या एका मुठीत एक नंबरचा बिट कायमचा बसलाय, तो अशाच घाईने.

पुन्हा कसा भरायचा

मोडका स्पीकर किंवा मेलेली हार्ड डिस्क घरात असेल तर पैसे घालवू नका. हार्ड डिस्कमधले चुंबक छोटे पण भलते जोरदार असतात. बोट मध्ये सापडलं तर चिमटा बसतो, सांभाळून. चुंबकाची एक बाजू मुठीजवळ दांडीवर टेकवा आणि टोकाकडे ओढत न्या. टोक संपलं की चुंबक हवेत उचला, लांबून गोल फिरवून पुन्हा मुठीपाशी आणा. तीच बाजू, तीच दिशा, पंधरा-वीस वेळा. पुढे-मागे घासलंत तर केलेलं पुसलं जातं. इथेच निम्मे लोक चुकतात, कारण हात आपोआप कानशीसारखा चालतो.

बाजारात एक छोटा ठोकळाही मिळतो, एका अंगाला भोक, दुसऱ्या अंगाला पायऱ्या. भोकातून टोक आत-बाहेर केलं की भरतं. पायऱ्यांवरून मोठ्या पायरीकडून लहानीकडे हळू नेत दूर ओढलं की उतरतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो होतो तेव्हा घेतला, मांडव्याच्या बोटीच्या तिकिटापेक्षा फार महाग नव्हता. माझ्या टेबलावर रोजच्या वापरातली हत्यारं मोजली तर हा पहिल्या पाचांत येईल.

वायरचं वेटोळं करून बॅटरी जोडायचे किंवा थेट प्लगमध्ये घालायचे उद्योग लोक करून बघतात. प्लगचा विचारसुद्धा करू नका. गाडीच्या बॅटरीलाही वेटोळं म्हणजे जवळपास शॉर्टच. दहा मिनिटं घासायचं काम आहे, त्यासाठी हात कशाला भाजून घ्यायचा?

उलटा त्रास: नको तिथे चिकटतो

चुंबक भरलेल्या टोकाचा खरा शत्रू म्हणजे लोखंडाचा कीस. ग्राइंडर चाललेल्या टेबलावर डिसमिस ठेवा, टोकाला केसाळ काळी मिशी फुटते. ती मिशी घेऊन तुम्ही बीएलडीसी पंखा (ज्याच्या मोटरमध्येच चुंबक असतात तो) उघडलात तर कीस टोक सोडून रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, चुंबकांवर जाऊन बसतो, कारण ते जास्त जोरदार. रोटर आणि स्थिर भाग म्हणजे स्टेटर यांच्यामधली फट अगदी बारीक असते. पंखा मग कुरकुरतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, दुरुस्तीआधी आवाज नव्हता. टोक पुसायला फडकं कामाचं नाही, कीस नुसता इकडून तिकडे सरकतो. चिकटपट्टी किंवा मळलेल्या कणकेची गोळी टोकाला दाबा, सगळं उचलून घेते.

स्पीकरचं तर माझ्याच हातून झालंय. ब्ल्यूटूथ स्पीकरची जाळी काढत होतो. टोक आवाज काढणाऱ्या कागदी पडद्याजवळ गेलं, आतल्या चुंबकाने असं खेचलं की कळायच्या आत कागदाला आरपार भोक. दोन रुपयांचा स्क्रू वाचवायला गेलो आणि आतला अख्खा स्पीकर बदलून द्यावा लागला. तेव्हापासून स्पीकर, बीएलडीसी मोटर, हार्ड डिस्क यांच्यापाशी चुंबक नसलेलाच डिसमिस.

लॅपटॉपने मात्र मला दोन दिवस नाचवलं. चालू केला की ठीक, तळाचं काम संपवून समोर बसलो की स्क्रीन काळी. पुन्हा बटण, पुन्हा ठीक, थोड्या वेळाने काळी. डिस्प्लेची केबल काढून बसवली, रॅम पुसली. शेवटी सापडलं काय, तर झाकण मिटलं हे कळायला लॅपटॉपच्या हात टेकायच्या पट्टीखाली चुंबक ओळखणारा एक बारका सेन्सर असतो, आणि मी स्क्रूंची चुंबकवाली वाटी नेमकी त्याच्यावर ठेवत होतो. लॅपटॉपला वाटायचं झाकण लागलं, तो झोपायचा. कुणाचा लॅपटॉप असा मध्येच झोपत असेल तर उघडायच्या आधी मनगटातल्या घड्याळाचा पट्टा बघा. चुंबकाच्या कडीचा पट्टाही हेच करतो.

चावीचं घड्याळ हा आणखी एक बळी. वडिलांचं घड्याळ पुढे जायला लागलं, तेही मिनिटांनी. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि ठोके भरभर पडतात. घड्याळजीने यंत्रावर क्षणभर धरून चुंबक उतरवला, काम झालं. कुठे चुंबकलं ते मला माहीत होतं, मी बोललो नाही. माझ्या टेबलावर दोन रात्री डिसमिसांच्या शेजारी पडलं होतं.

आणि होडी. एका तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्याच्या) केबिनमध्ये दिवा बसवून दिला आणि डिसमिस होकायंत्राच्या खालच्या खणात विसरलो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "भाऊ, काल तू काय केलंस रं? खांदेरीचा दिवा रोजच्या जागी दिसतो, पण काटा म्हणतो उत्तर हलली." जीपीएस होतं म्हणून काही बिघडलं नाही. पण धुक्यात नुसत्या होकायंत्रावर असता तर? खण उघडून डिसमिस लांब नेला, काटा झुलत झुलत जागेवर आला.

हे अलिबागला घडावं याचं मला जास्त वाईट वाटलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला व्हायची. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली ती वेधशाळा आमच्या गावाला आणली. ट्राम विजेवर धावली १९०७ मध्ये. वेधशाळेची ती इमारत पोरबंदरी दगडाची आहे, लोखंड टाळून तांब्या-पितळेचं सामान वापरून बांधलेली. इतकी काळजी घेणाऱ्या गावातला मेकॅनिक होकायंत्राखाली डिसमिस ठेवून येतो! आपल्याकडे पृथ्वीचा चुंबक साधारण ४०-४५ मायक्रोटेस्ला भरतो. फोनमध्ये मॅग्नेटोमीटरचं ॲप टाका आणि भरलेला डिसमिस फोनच्या वरच्या कडेजवळ आणा, आकडा शेकड्यांत उडी मारतो. चुंबक उतरला की नाही हे तपासायलाही तेच ॲप कामाला येतं. फोनचा कंपास नंतर गोंधळलेला दिसला तर फोन हवेत इंग्रजी आठासारखा फिरवा, ठिकाणावर येतो.

ज्याची उगाच भीती घालतात तेही सांगून टाकतो. डिसमिसच्या चुंबकाने एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांतला डेटा जात नाही, त्यांत चुंबकाचा संबंधच नाही. बंद हार्ड डिस्कच्या बाहेरून डिसमिस फिरवून फोटो पुसले जातील हेही नाही. ती दहशत फ्लॉपीच्या काळातली, तेव्हा ती खरी होती. बँकेच्या कार्डावरची काळी पट्टी जोरदार चुंबकाने बिघडू शकते, पण व्यवहार आता चिपवर चालतात. तरी कार्ड डिसमिसांच्या पेटीत ठेवू नका. वीज असलेल्या कामात चुंबक असण्या-नसण्याने फरक पडत नाही, फरक पडतो दांडीवर प्लास्टिकचं आवरण आहे की नाही याने. आधी मेन बंद.

चुंबक चालत नाही तिथे

पितळ-स्टेनलेससाठी माझं आवडतं हत्यार सायकलच्या दुकानात मिळतं: जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. अर्धा इंच तुकडा टोकावर चढवा, थोडा पुढे ठेवा, स्क्रूचं डोकं त्यात खुपसा. उलटं धरलं तरी पडत नाही. दोन-तीन आटे बसले की डिसमिस मागे ओढा, नळी सुटून येते. मोठ्या डोक्याला नळी पुरत नाही; तिथे टोकाला मेणबत्तीचं मेण चोळा किंवा खाचेत तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. चिकटपट्टीतून स्क्रू आरपार खुपसून पट्टी दांडीला गुंडाळायची युक्तीही चालते, फक्त नंतर पट्टीचा तुकडा आत राहू देऊ नका.

चुंबकाची खरी किंमत कळते ती मिक्सरच्या तळाशी. भोक बोटभर खोल, स्क्रू सुटलाय पण वर येत नाही, आणि मशीन उलटी करावी तर जार-कपलर आधी काढावा लागतो. तिथे भरलेलं टोक म्हणजे सुख. बसवतानाही तेच. म्हणून माझ्याकडे प्रत्येक मापाचे दोन आहेत. भरलेल्यांच्या मुठीला लाल टेप, ते वेगळ्या डब्यात, घड्याळं-स्पीकर ज्या टेबलावर उघडतो त्या टेबलापासून लांब.

इतकं करून स्क्रू आत पडलाच, तर एकच विनंती: मशीन हलवून "खुळखुळ" ऐकू नका आणि चालू तर अजिबात करू नका. प्लग काढा, मोबाइलच्या उजेडात बघा. लोखंडी असेल तर लांब डिसमिस किंवा तारेला बांधलेला चुंबक घाला. पितळेचा असेल तर झाडूच्या काडीला मऊ केलेलं मेण लावून त्यावर टेकवा. परवा एका मिक्सरमध्ये असाच माझ्या हातून निसटलेला पितळी स्क्रू शोधत होतो. मेणाच्या काडीला लागून आला एक, गंजका, लोखंडी, दुसऱ्याच मापाचा. माझा नव्हता. माझा त्याच्यानंतर पाच मिनिटांनी सापडला. आधीच्या मेकॅनिकचा स्क्रू पुडीत बांधून बाईंना दिला; त्यांनी विचारलं, "मग हा नसताना तीन वर्षं चालला कसा?"